पुढचा ब्रेक सोडू नका, झटका सोडा
पावसात दुचाकीच्या पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही, हा सल्ला नव्या माणसाला देऊ नये असं माझं मत. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसत्या मागच्या ब्रेकने ते पटकन लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घसरतं. थांबायला अंतरही जास्त लागतं. तेव्हा दोन्ही ब्रेक वापरा, पुढचा मात्र दोन बोटांनी, हळूहळू दाब वाढवत आणि हँडल सरळ असतानाच. घाटात वळणाआधीच गिअर खाली टाकून वेग उतरवा. उतारावर क्लच दाबून ठेवणारे तर मला कळतच नाहीत, इंजिनचा फुकटचा ब्रेक घालवतात!

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, भरवशावरही राहू नका. २०१९पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, पण सिंगल चॅनल असेल तर फक्त पुढच्या चाकाला. मागचं लॉक होऊ शकतं.

झेब्राचे पट्टे, गटाराची झाकणं आणि पहिल्या पावसात वर येणारं ऑइल यांवर शक्यतो ब्रेक नकोच. सराव ओल्या पण रिकाम्या रस्त्यावर, वीसच्या वेगाने सुरू करा.