ठाण्याचा १४वा मजला आणि रत्नागिरीचं चिऱ्याचं घर: कुठे कोणते ब्लाइंड्स?

मोजपट्टी (प्रश्न)
दोन घरांसाठी ब्लाइंड्स घ्यायचे आहेत. एक ठाण्यात, १४व्या मजल्यावर. हॉलची खिडकी पश्चिमेला, २१०० मिमी रुंद, १३५० मिमी उंच, ॲल्युमिनियमची सरकती, जाळीसकट तीन ट्रॅक, भोवती ग्रॅनाइटची चौकट. चारनंतर ऊन थेट सोफ्यावर येतं, पण खाडी दिसत राहायला हवी. दुसरं घर रत्नागिरीजवळ, चिऱ्याचं. लाकडी खिडक्यांच्या झडपा आत उघडतात, पुढे पडवी आहे. दुकानदार सगळीकडे झेब्राच (जाळीदार आणि जाड पट्ट्या आलटून-पालटून असलेलं ब्लाइंड) सुचवतोय. काय करावं?

उन्हाळी
हॉलला झेब्रा नको. त्याच्या जाळीदार पट्ट्या समोरासमोर आणल्या की उतरतं ऊन त्यातूनच डोळ्यांवर येतं, आणि जाड पट्ट्यांनी झाकलं की खाडी गेली. तुम्हाला सनस्क्रीन (ऊन गाळणाऱ्या जाळीदार) कापडाचा रोलर, म्हणजे नळीवर गुंडाळलं जाणारं ब्लाइंड हवा. हे कापड विणीतल्या मोकळ्या जागेच्या टक्क्यांवर मिळतं: १, ३, ५, १०. पश्चिमेला ३ टक्के घ्या. ५ मध्ये देखावा जास्त स्वच्छ दिसतो, पण संध्याकाळी टीव्हीवर झळाळी येते. आतली बाजू गडद राखाडी घ्या, कारण गडद कापडातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. फिकट कापड उजेड पसरवतं आणि समोर धुकं असल्यासारखं वाटतं. बाहेरची बाजू पांढरी किंवा चंदेरी मिळाली तर उत्तम.

दोन गोष्टी आधीच समजून घ्या. रात्री दिवे लागले की हे कापड उलटं वागतं, समोरच्या इमारतीतून तुमचा हॉल दिसतो. म्हणून मागे साधा पडदा ठेवा किंवा दुहेरी ब्रॅकेटवर दुसरा रोलर लावा. दुसरं म्हणजे, आतून लावलेलं ब्लाइंड झळाळी थांबवतं, उष्णता तितकी नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं.

एवढ्या रुंदीला एकच रोलर लावला आणि नळी बारीक असली तर ती मधोमध वाकते, कापडाला तिरक्या सुरकुत्या पडतात. दोन तुकडे करा. तुमच्या काचा मध्यावर जुळत असणार, कापडाचा जोड तिथेच आणा, म्हणजे मधली फट डोळ्यांत भरत नाही. आणि वारा असेल तेव्हा खिडकी उघडी ठेवून रोलर खाली सोडू नका. खालची दांडी चौकटीवर आपटत राहते आणि कापडाच्या कडा सुटतात.

गिट्टी_ड्रिल
मापाबद्दल. ग्रॅनाइटच्या आत बसवण्याच्या भानगडीत पडू नका. कडेजवळ ड्रिल मारलं की दगडाचा टवका उडतो, शिवाय खिडकीचं लॉक रोलरला अडतं. बाहेर भिंतीवर लावा: दोन्ही बाजूंना १००, वर १५०, खाली ७५ मिमी जास्त. म्हणजे एकूण २३०० × १५७५, साधारण ३९ चौरस फूट. ११५० चे दोन तुकडे. ऑर्डर देताना हे माप ब्रॅकेटच्या बाहेरून बाहेरपर्यंतचं की कापडाचं, ते लिहून द्या. कापड प्रत्येक बाजूला १५ ते २० मिमी कमीच येतं आणि बहुतेक भांडणं इथेच होतात.

खिडकीवर लिंटेल (काँक्रीटची आडवी तुळई) आहे, त्यात ६ मिमी बिट हॅमरवर, ६ ची गिट्टी (स्क्रू पकडणारा भोकातला प्लग), ३५ मिमी स्क्रू. बिट सळईला अडलं तर जोर लावू नका, भोक २० मिमी सरकवा. लिंटेल संपून हलका ब्लॉक लागला (पांढरी भुकटी पडते) तर हॅमर बंद करा आणि लांब नायलॉनची गिट्टी वापरा, साधी जागच्या जागी फिरते.

पडवीकर
रत्नागिरीच्या खिडक्यांना आतून काहीच लावू नका. झडप उघडली की रोलर फाटेल. तिथे ऊन पडवीच्या कडेलाच अडवायचं, म्हणजे भिंतही तापत नाही. उन्हाळ्याला बांबूची चिक, आणि ती मृगाच्या आधी उतरवून, उन्हात वाळवून माळ्यावर. पावसात तशीच राहिली तर दोरी कुजते, बांबूला बुरशी धरते. झडीसाठी वेगळा पीव्हीसीचा पडदा, खाली जड पाइप आणि दोन्ही बाजूंना ताणलेली दोरी हवीच, नाहीतर वाऱ्याने शिडासारखा फुगतो. हुक चिऱ्यात नको. दगड सच्छिद्र, ओढ बसली की गिट्टी सैल होते. वाशाला किंवा खांबाला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावा. खाऱ्या हवेत साधा स्क्रू लवकर गंजतो. खऱ्या लाकडाच्या पट्ट्यांचे व्हेनेशियन कोणी सुचवलं तर नाही म्हणा, दमट हवेत पट्ट्या पिळतात.

मोजपट्टी
खूप मदत झाली. ठाण्याची पूर्वेची बेडरूम आणि ओट्यावरची खिडकी राहिली. घरात दोन वर्षांचं मूल आहे.

उन्हाळी
किचनला २५ मिमी ॲल्युमिनियमचे व्हेनेशियन, पण खिडकी शेगडीच्या मागेच असेल तर काहीही नको. फोडणीचा तेलकट थर पट्ट्यांवरून साबणाच्या पाण्याने पुसता येतो, झेब्राच्या कापडात तो मुरतो. बेडरूमला ब्लॅकआउट रोलर लावलात तरी कडेच्या फटीतून सकाळचं ऊन रेघेसारखं आत येईल. पूर्ण अंधार हवा तर बाजूच्या पट्ट्या बसवून घ्या किंवा अस्तराचा जाड पडदा लावा.

मुलासाठी: लोंबती चेन हा गळफास आहे. स्प्रिंगचा बिनचेनचा रोलर मिळाला तर तोच घ्या. चेनचा असेल तर सोबत येणारी क्लिप पिशवीत ठेवून देऊ नका, भिंतीला स्क्रूने पक्की करा, तीही चेन ताणून, इतकी की फासात डोकं जाणार नाही. खिडकीखालची खाट आणि खुर्ची हलवा. व्हेनेशियनची दोरी वर गुंडाळून ठेवायला खुंटी आहे का, तेही बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी बघून घ्या.