शनिवारी पुन्हा बनवाबनवी? (सोसायटीचा ग्रुप, गणपतीचा आठवडा)

नेने ए-३०१: सचिवसाहेब, नोटीस बोर्ड वाचला. शनिवारी रात्री पुन्हा 'अशी ही बनवाबनवी'? सलग तिसरं वर्ष. कधी ठरलं, कोणी ठरवलं, कळेल का?

सचिव: नेनेकाका, नमस्कार 🙏 सांस्कृतिक समितीने एकमताने ठरवलं आहे.

नेने ए-३०१: समिती म्हणजे देशपांडे वहिनी. एकमत होणारच.

साळुंखे बी-५०१: 😂😂

पवार कोषाध्यक्ष: गणपती वर्गणी रु. ५०१. अजून ११ घरं बाकी. कृपया आजच भरावी.

देशपांडे सी-४०२: नेनेभावजी, समितीत आणखी दोघी आहेत. मीटिंगला आला असतात तर दिसल्या असत्या.

मोघे ए-५०२ (न्यू जर्सी): मुळात तो सिनेमा ओरिजिनल नाही. ऋषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय. १९६६.

देशपांडे सी-४०२: माहीत आहे हो. 'धूमधडाका'सुद्धा 'प्यार किये जा'वरून, तोही १९६६चाच, आणि दोन्ही हिंदी सिनेमांत मेहमूद. म्हणून काय झालं? 'बीवी और मकान' आपल्या सोसायटीत किती जणांनी पाहिलाय, हात वर करा. आणि १९८८ची बनवाबनवी माझ्या पाचवीतल्या नातीला तोंडपाठ आहे. वसंत सबनीसांनी लिहिताना ती माणसं पुण्याची करून टाकली.

कदम सी-१०२: सिनेमा कोणताही लावा. गेल्या वर्षी पडद्याची दोरी माझ्या गाडीच्या आरशाला बांधली होती. आरसा अजून डुगडुगतोय.

तन्वी ए-२०२: सिनेमापेक्षा आपणच स्किट बसवूया ना! हास्यजत्रेसारखं. मी लिहिते.

नेने ए-३०१: गेल्या वर्षी झालं स्किट. साळुंखे साडी नेसून आले होते. पुढचं न बोललेलं बरं.

साळुंखे बी-५०१: काका, टाळ्या पडल्या होत्या.

नेने ए-३०१: पदर पडला होता.

तन्वी ए-२०२: 🤣🤣🤣

नेने ए-३०१: हसू नका. टीव्हीवर तेच, इथेही तेच. पुरुषाने साडी नेसली की झाला विनोद. आणि बनवाबनवीत तरी दुसरं काय आहे?

पवार कोषाध्यक्ष: वर्गणी रु. ५०१. बाकी घरं १०. (कदम मॅडम, मिळाले, धन्यवाद.)

देशपांडे सी-४०२: थांबा, याचं उत्तर नीट देते, डाळ शिजेपर्यंत वेळ आहे. भावजी, साडीत वाईट काही नसतं, कारण नसताना नेसलेली साडी वाईट. लक्ष्मीकांतचा परशा पार्वती होतो तो हौस म्हणून नाही. घर हवंय आणि लीलाबाई काळभोरांना जोडपीच हवीत. आता विग सुटला तर चौघं रस्त्यावर. आपण हसतो ते त्या धास्तीला. शिवाय सचिनची सुधा बघा, चालसुद्धा बाईची. आणि पार्वती मुद्दाम बेंगरूळ. दोघंही सारखेच झकास जमले असते तर सिनेमा पडला असता. 'चला हवा येऊ द्या'त पुष्कळदा नुसती एन्ट्री हाच विनोद असायचा, पुढे स्किटला काही उरायचं नाही. (भाऊ कदम नुसते गप्प उभे राहिले तरी मला हसू येतं, ते सोडा.)

तन्वी ए-२०२: काकू, हास्यजत्रेतल्या समीर चौघुलेंबद्दल काही बोलायचं नाही हं.

देशपांडे सी-४०२: कोण बोलतंय! तो माणूस अख्खं अंग वापरतो. फक्त मधेमधे परीक्षकांचं हसणं दाखवतात ते कमी करा म्हणावं. कुठे हसायचं ते आम्हाला कळतं. बनवाबनवीत अशोकमामा आधीच्या घराचे मालक झालेल्या सुधीर जोशींना मधुमेहाच्या औषधाचे सत्तर रुपये बुडाल्याचं सांगतात तो प्रसंग आठवा. मामांच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याची रेघ नाही, उलट दुःख झाल्यासारखा आवाज. आणि सुधीर जोशींचा चेहरा हळूहळू उतरतो. मी तर आता फक्त जोशींकडेच बघते. त्या औषधवाल्या इस्राईलच्या मित्राला आपण एकदाही पाहिलेलं नाही, तरी तो ओळखीचा वाटतो.

जोशी आजोबा बी-१०१: शुभ सकाळ 🌹 कोमट पाण्यात हळद घ्या

साळुंखे बी-५०१: आजोबा, सायंकाळचे सात वाजलेत.

जोशी आजोबा बी-१०१: दूरदर्शनची जुनी चिमणराव मालिका लावा. प्रभावळकर आणि बाळ कर्वे. त्यानंतर काही झालं नाही

मोघे ए-५०२ (न्यू जर्सी): +१ आजोबा.

रोहन बी-२०३: नमस्कार सगळ्यांना. प्रोजेक्टर माझा आहे, शनिवारी मी लावतो, काळजी नको. फक्त एक विचारू का? मे महिन्याच्या सभेत ठराव झाला की पुढच्या करारापासून बॅचलर भाडेकरू नकोत, फक्त कुटुंबं. आमचा करार नोव्हेंबरला संपतोय. म्हणजे शनिवारी लीलाबाई मुलांना घर देत नाहीत म्हणून सगळे हसणार, आणि नोव्हेंबरला आम्ही घर शोधणार. आमच्यातलं कोणी साडी नेसलं तर चालेल का, एवढंच सांगा 🙂

नेने ए-३०१: हा मेसेज डिलीट करण्यात आला.

पवार कोषाध्यक्ष: वर्गणी रु. ५०१. बाकी घरं १०.

मोघे ए-५०२ (न्यू जर्सी): भाडेकरूंना या ग्रुपवर ठरावांबद्दल बोलता येतं का? जस्ट विचारतोय.

साळुंखे बी-५०१: न्यू जर्सीहून पार्किंगबद्दल बोलता येतं, मग बी-२०३हून काय हरकत?

नेने ए-३०१: रोहन, वैयक्तिक काही नाही. पण तुमच्या खोलीवरून रात्री दीड वाजता आरडाओरडा येतो. आमच्या घरात आजारी माणूस आहे.

रोहन बी-२०३: काका, एकदाच झालं होतं. सॉरी म्हणायला वर आलो होतो.

देशपांडे सी-४०२: त्या रात्री दार मीच वाजवलं होतं, रागवायला. यांचं हास्यजत्रेचे जुने भाग बघणं चाललं होतं. आवाज कमी केला, मला खुर्ची दिली. अडीचला घरी आले. हे सभेत सांगायला हवं होतं, तेव्हा गप्प बसले.

सचिव: कृपया ठरावाचा विषय इथे नको. लेखी अर्ज द्यावा, पुढच्या सभेत घेऊ 🙏

तन्वी ए-२०२: पोल टाकलाय. बनवाबनवी २३, स्किट ९, चिमणराव २.

नेने ए-३०१: मी मत दिलेलं नाही. येईन. खुर्ची कडेला ठेवा, मधून उठावं लागतं.

रोहन बी-२०३: ठेवतो काका.

कदम सी-१०२: आणि दोरी?

रोहन बी-२०३: आमच्या बाईकला बांधतो मॅडम.

पवार कोषाध्यक्ष: साळुंखे, तुमचे ४३१ आले. ७० कमी आहेत.

साळुंखे बी-५०१: ते इस्राईलला गेले 😔

पवार कोषाध्यक्ष: पावती ४३१चीच मिळेल. बाकी घरं १०.