नवरा माळकरी, मला गहू पूर्ण बंद. दोघांनी एकत्र बाहेर जेवायचं कुठे आणि कसं? (पुणे आणि मालवण)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आधी शोधून बघितलं, पण ग्लूटेन फ्री म्हणून जे काही सापडतं ते सगळं केक, ब्रेड आणि पिझ्झा बेसबद्दल आहे. मला साधं हॉटेलात बसून गरम जेवायचंय, तेही नवऱ्यासोबत एकाच टेबलावर.

परिस्थिती अशी की मला सिलिऍक निघालाय, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. रक्ताची टीटीजी टेस्ट, मग बायोप्सी, दोन्ही झालंय, त्यामुळे निदानाबद्दल शंका नाही. गहू, जव आणि राय आयुष्यभरासाठी बंद. आणि नुसती पोळी सोडली की झालं असं नसतं, कणकेचं पीठ उडालेली परात, ज्यात समोसे तळले ते तेल, रवा डोशाचा तवा, यातलं काहीही चालत नाही, कारण त्या वेळी त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होतच राहते. घरी सगळं जमवलंय. गिरणीत गव्हावरच ज्वारी दळतात म्हणून घरघंटी घेतली, हिंगसुद्धा तांदळाच्या पिठातला आणते (डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा कणीक असते, हे मला आजार निघेपर्यंत माहीत नव्हतं, ज्यांना गहू बंद आहे त्यांनी घरातली डबी आजच उलटून वाचा).

नवरा वारकरी घरातला, गळ्यात माळ आहे. मांस मच्छी अंडं कधीच नाही, चातुर्मासात कांदा लसूणही बंद, आणि एकादशी तो मनापासून करतो. माझं माहेर मालवणकडचं, मी मासे खाते, लग्नाआधीच दोघांनी एकमेकांना सांगितलं होतं आणि त्यावरून आमच्यात कधी कुरबुर नाही. मी समोर बसून बांगडा खाल्ला तर त्याला चालतं, पण ज्या भटारखान्यात मासे तळतात तिथलं त्याच्या घशाखाली उतरत नाही, आणि मला ते पूर्ण समजतं.

तर अडचण इथे येते. शाकाहारी हॉटेलात गेलो तर तो निवांत, पण तिथे गहूच गहू. थाळीला पोळी पुरी, पंजाबीत नान रोटी आणि तंदूर एकच, कधी ग्रेव्ही दाट करायला मैदा, चायनीजमध्ये सोया सॉस (त्यातही गहू असतो), वरण आमटी सांबार सगळ्यात हिंग. आम्हाला दोघांना दुर्वांकुर, सुकांताची थाळी खूप आवडायची, आता आग्रह करकरून वाढत असताना प्रत्येक वाटीला थांबवून विचारणं माझ्याच्याने होत नाही. उलट मालवणी ठिकाणी माझं बरंच जमतं, तांदळाची भाकरी, भात, कालवण, सोलकढी, फक्त मासा रव्यात न घोळवता तांदळाच्या पिठात आणि धुतलेल्या तव्यावर तळून मागायचा. पण तिथे तो काय करणार, पाण्याची बाटली घेऊन बसतो. मग मी भराभर जेवते आणि आम्ही दुसरीकडे त्याच्यासाठी जातो, आणि शेवटी मस्तानी प्यायला एकत्र. याला मी एकत्र जेवणं म्हणत नाही.

मला सगळ्यात जास्त जे खुपतं ते सांगते. एका हॉटेलात (नाव देत नाहीये) दोन्ही प्रकारचं मिळतं आणि किचन वेगळं आहे म्हणून गेलो होतो. नवऱ्याने विचारल्यावर कॅप्टनने स्वतः आत नेऊन दाखवलं, शाकाहारीचे तवे वेगळे, झारे वेगळे, फ्रिज वेगळा, सुऱ्यांना वेगळ्या रंगाच्या मुठी, अगदी छान. मग मी विचारलं की ज्वारीची भाकरी नक्की फक्त ज्वारीची ना, गहू मला आजारामुळे चालत नाही. "ज्वारीचीच आहे मॅडम, बिनधास्त खा." अर्धी खाल्ल्यावर खिडकीतून दिसलं की भाकरी थापणाऱ्या मावशी त्याच परातीत कणकेचं पीठ लावून थापतायत, आणि पिठातही चिकटपणासाठी थोडी कणीक घालतात म्हणे. पुढचे काही दिवस फार वाईट गेले. मावशींचा काहीच दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्याच छपराखाली नवऱ्याच्या पथ्यासाठी एवढं सगळं सोवळं पाळता येतं, जैन म्हटलं की कांदा लसूण बटाटा न घालता वेगळी भाजी येते, उपवास म्हटलं की वेगळी कढई निघते, म्हणजे वेगळं ठेवणं त्यांना उत्तम जमतं. फक्त माझ्या पथ्याला कोणी पथ्य मानत नाही, लाड समजतात, डाएट समजतात.

यावरून एक गोष्ट सुचली आणि ती आम्हाला थोडी लागूही पडली. उपवासाचं खाणं! साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाण्याची आमटी, यात गहू नाही आणि हिंगही नाही. एकादशीला आम्ही दोघं बाहेर जाऊन तेच खातो आणि खरं सांगते, बाहेर जेवताना मी तेव्हाच निर्धास्त असते. साबुदाणा वड्याचं तेल मात्र विचारावं लागतं, उपवासाचं तळण वेगळं असेल तरच. पण एकादशी महिन्यातून दोनदा, आणि इतर दिवशी "उपवास आहे" असं खोटं सांगायला नवऱ्याला आवडत नाही, व्रताचं नाव घेऊन खोटं बोलू नये असं त्याचं म्हणणं आहे. मला ते पटतं. आजारी माणसाने खरं कारण सांगून सुरक्षित जेवण मिळायला हवं ना.

तर प्रश्न:

पुण्यात (आम्ही कोथरूडला राहतो, पण कुठेही येऊ) असं शाकाहारी ठिकाण आहे का जिथे भाकरी वेगळ्या परातीत करून देतात किंवा तवा धुऊन डोसा देतात? स्वतः खाल्लेलं असेल तरच सांगा, झोमॅटोवर ग्लूटेन फ्री लिहिलंय एवढ्यावर मी जाऊ शकत नाही.

हॉटेलवाल्यांशी नेमकं काय बोलता? ग्लूटेन म्हटलं तर कळत नाही, ऍलर्जी म्हटलं तर "थोडंसं चालेल ना" म्हणतात.

दिवाळीनंतर मालवण तारकर्लीला जातोय, तिथे त्याचं काय? सगळीकडे फिश थाळीचेच बोर्ड.

आणि कृपया "तू मासे सोड" किंवा "त्याला माळ काढायला सांग" हे नको. मासे सोडले तरी गव्हाचा प्रश्न तसाच राहतो, आणि माळ ही त्याची श्रद्धा आहे.

---

प्रतिसाद:
ताई, माझ्या मुलीला सिलिऍक आहे, म्हणून लिहिते. वेटरला विचारूच नका, त्याच्या हातात काही नसतं. दुपारी चार साडेचारला फोन करा, तेव्हा गर्दी नसते, आणि वस्ताद किंवा जो आचारी असेल त्यालाच द्या म्हणा. ग्लूटेन शब्द वापरू नका, यादी सांगा: गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, पाव, सोया सॉस आणि हिंग. शेवटच्या नावाला तो थांबतो आणि मग पुढचं नीट ऐकतो हा माझा अनुभव. "थोडं चालेल का" ला आम्ही सरळ सांगतो, कणभर गेलं तरी पोरगी आजारी पडते. हेच मराठी आणि हिंदीत लिहून एक कार्ड लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलंय, ते आतपर्यंत जातं, तोंडी निरोप आत जाईपर्यंत बदलतो. आणि उघडल्या उघडल्या जा, संध्याकाळी सातला, तेव्हा तवा स्वच्छ आणि तेल ताजं. इडली वाफेवरची म्हणून त्यातल्या त्यात बरी, सांबार टाळा, खोबऱ्याच्या चटणीच्या फोडणीतही हिंग असू शकतो म्हणून बिनफोडणीची मागा.

अजून एक. ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत त्यांना मेन्यूवर ऍलर्जीच्या पदार्थांची माहिती देणं एफएसएसएआयच्या (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरण) २०२० च्या नियमांत बंधनकारक आहे, ग्लूटेनचं धान्य त्यात येतं. मागायचा हक्क आहे तुम्हाला. पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, हॉटेलच्या ताटाला तसं काही मोजमाप नसतं, त्यामुळे शेवटी आचाऱ्यावरच विश्वास.

प्रतिसाद:
मी कुडाळचो. मालवणची अजिबात काळजी करू नका, उलट तुमचं दोघांचं तिकडेच जमणार. बोर्ड फिश थाळीचे असले तरी आमच्याकडे सोमवारी, श्रावणात, गणपतीत बहुतेक घरात शाकाहारीच असतं आणि ते भरपूर असतं. आंबोळी (तांदूळ आणि उडीद) आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, खापरोळ्या रसात बुडवून, शिरवाळे नारळाच्या रसासोबत, हे सगळं तांदळाचं. हॉटेलात नाही मिळणार, घरगुती राहण्याची सोय बघा आणि आदल्या दिवशी काकूंना फोन करून सांगा. सोमवारी पोचलात तर घरात मासे शिजलेलेच नसतात, त्या दिवशी तुमच्या मिस्टरांसाठी वेगळी भांडी मागायचीही गरज नाही. दोन गोष्टी सांभाळा. वड्याच्या पिठात काही घरांत गहू दळतात, त्यामुळे वडे विचारल्याशिवाय नको. आणि सोलकढीत लसूण असते, कार्तिकी एकादशीच्या आधी येणार असाल तर बिनलसणीची सांगा.

प्रतिसाद:
एवढं सगळं सांभाळून बाहेर जायचंच कशाला, घरी करा की छान. स्विगीचा खर्चही वाचेल.

---

धागा लिहिणारी पुन्हा:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रतिसादाला उत्तर देते, कारण हे मला नातेवाईकही सांगतात. घरी रोज मीच करते, दोन्ही पथ्यं सांभाळून, आणि नवराही भाकरी थापायला शिकलाय. पण वाढदिवस असतो, सासूबाई गावाहून येतात, ऑफिसचे लोक बोलावतात. आजार निघाल्यापासून आम्ही किती आमंत्रणं नाकारली याची यादीच नको. माणसांत बसून जेवणं मला सोडायचं नाहीये.

फोनवाल्या ताई, तुमचं ऐकून काल घराजवळच्या एका छोट्या पिठलं भाकरीच्या ठिकाणी साडेचारला फोन केला. ज्या बाई भाकरी करतात त्याच मालकीण. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाल्या की सकाळची पहिली भाकरी करायच्या आधी या, परात तवा धुतलेला असतो, पीठ तुमचं तुम्ही आणा, पिठल्याचं बेसन आणि हिंगही आणा, मी करून देते, पैसे थाळीचेच घेईन. नवऱ्याने विचारलं तर तिथे अंडंसुद्धा येत नाही. रविवारी साडेअकराला जातोय. जाऊन आले की कसं झालं ते इथेच लिहीन, आणि त्यांची परवानगी असेल तर ठिकाणाचं नावही देईन म्हणजे अजून कोणाला उपयोग होईल.

कुडाळचे दादा, आम्ही कार्तिकीच्या नंतरच येतोय त्यामुळे लसणाचा प्रश्न नाही, आणि सोमवारीच पोचू असं तिकीट बघते. फक्त एक सांगा, आंबोळीचं पीठ तिकडे घरी वाटतात की गिरणीतून आणतात? गिरणीतून असेल तर मी तांदूळ उडीद इथून घेऊन येईन, काकूंना वाईट वाटणार नाही ना त्याचं?