मुमूर्षू की मरणासन्न?

प्रश्न
स्पेनमधल्या वालेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये चित्रकार गोयाचं १७८८ सालचं एक मोठं तैलचित्र आहे. मरायला टेकलेल्या माणसाच्या पलंगाशी संत फ्रान्सिस्को दे बोर्हा क्रूस घेऊन उभे आहेत. क्रूसावरच्या ख्रिस्ताचं रक्त त्या माणसावर उडतंय आणि पलंगापलीकडे अक्राळविक्राळ आकृत्या टपून आहेत. स्पॅनिश शीर्षकात या माणसाला दोन शब्द लावलेत: 'मोरिबुंदो' (मरायला टेकलेला) आणि 'इंपेनितेंते' (केल्या पापांची खंत नसलेला). पहिल्यासाठी मी 'मुमूर्षू' लिहिलं, तर मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे मरायची इच्छा असलेला ना?" आणि दुसऱ्याला काय म्हणावं?

प्रतिसाद १
मैत्रिणीची शंका रास्त आहे. जिज्ञासू, पिपासू, मुमुक्षू हे सगळे इच्छा दाखवणारे शब्द, आणि मुमूर्षूची घडणही तशीच, 'मृ' धातूपासून. पण संस्कृत व्याकरणात हाच प्रत्यय 'आता असं होणार' या आशंकेसाठीही चालतो. जुनं उदाहरण 'कूलं पिपतिषति': नदीचा काठ कोसळायच्या बेतात आहे. काठाला कसली इच्छा! तेव्हा मुमूर्षू चूक नाही. पण वाचणारा तो मुमुक्षू, म्हणजे मोक्षाची इच्छा असलेला, असा वाचेल, आणि या चित्रात तर ते फारच घातक, कारण संत ज्या मोक्षासाठी धडपडताहेत त्याची ओढच या माणसात नाही. 'मरणासन्न' घ्या. बोलीत 'घरघर लागलेला', 'ऊर्ध्व लागलेला' आहेत, पण शीर्षकात ते शोभणार नाहीत.

प्रतिसाद २
दुसऱ्या शब्दासाठी मला आधी 'अनुताप' सुचला. तुकोबांच्या अभंगांतला हा शब्द मला फार प्रिय आहे. 'पस्तावा' मात्र नको, जमीन स्वस्तात विकूनही माणूस पस्तावतो. पण चित्र ख्रिस्ती आहे, आणि मराठी बायबलात 'पश्चात्ताप' रुळलेला आहे. बोर्हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे तिसरे प्रमुख होते (१५६५ ते १५७२). त्यांच्या तोंडी शोभेल तोच शब्द घ्यावा. 'अननुतापी' तर अजिबात नको, वाचताना जीभ अडखळते.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मग 'पश्चात्ताप न झालेला मरणासन्न माणूस' असं लिहू?

प्रतिसाद २
'झालेला' नको. आपल्या बोलण्यात पश्चात्ताप होतो, आपसूक. बायबलात मात्र 'पश्चात्ताप करा' अशी आज्ञा आहे. संत पलंगाशी उभे राहून तेच मागताहेत, आणि हा ते देत नाहीये. म्हणून 'पश्चात्ताप न करणारा'. आणि छापताना 'त'ला 'त' जोडलेला राहू द्या: पश्चात् अधिक ताप. 'पश्चाताप' अगदी छापील फलकांवरही दिसतो.