बरं न होणाऱ्या माणसाला भेटायला जाताना: तुमचे अनुभव सांगा

माझे थोरले काका जिंतूरला घरीच आहेत. पोटाचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय. आता केमो देण्यात अर्थ नाही, घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकू एकट्या त्यांचं सगळं करतात. मी परभणीहून जमेल तेव्हा जाते. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला जायची रीत पक्की आहे. केळी नाहीतर बिस्किटाचा पुडा न्यायचा, पायथ्याशी बसायचं, 'काय म्हणले डॉक्टर?' विचारायचं, चहा घ्यायचा आणि 'काळजी घ्या' म्हणून उठायचं. एकदाच जाणाऱ्याला ती पुरते. जिवाच्या माणसाकडं सारखं जाणाऱ्याला नाही पुरत. गाडीत बसल्यापासून पोटात गोळा येतो. तिथं गेल्यावर बोलावं की गप्प बसावं ते कळत नाही, आणि परत आल्यावर कशातच लक्ष लागत नाही.

सेवा कशी करावी ते इथं विचारत नाहीये. तुम्ही स्वतःच्या मनाचं काय केलंत, आणि जो रात्रंदिवस आजाऱ्यापाशी आहे त्याच्याशी कसे वागलात, ते लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील. उपचार मात्र सुचवू नका. काढे आणि बुवा सांगणारे काकूंना रोज भेटतात.

लातूर, भाची

मामांना तोंडाचा कॅन्सर होता. बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, तरी तो गळ्यात उतरला. शेवटी घरी आणलं. नाकातल्या नळीतून पाणी आणि पेज.

मी रडायचे ते गावाच्या फाट्यावर. एसटीतून उतरलं की लिंबाखाली थांबायचं, पोटभर रडून घ्यायचं, हापशावर तोंड धुवायचं आणि मग गावात जायचं. मामांपुढंही डोळे भरायचेच, ते मी अडवले नाहीत. पण उंबऱ्यातच मामीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला असता तर तिलाच माझी समजूत घालावी लागली असती. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईची ती समजूत घालत होती, आणि नंतर एकटी चुलीपाशी बसायची.

आमच्याकडं वेळ अमावस्येला घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात, कडब्याची खोप करून पूजा करतात आणि तिथंच जेवतात. त्या वर्षी मामी म्हणाली, "मी नाही येत, ह्यांच्यापाशी कोण?" मी म्हणाले, "मी हाय की." तिनं पुन्हा पुन्हा दाखवलं: डोकं उंच ठेवायचं, सिरिंजनं हळूहळू सोडायचं, नंतर लगेच आडवं करायचं नाही. मग गेली. मामा पाटीवर लिहून बोलायचे. 'खोप कुठं केली?' असं त्यांनी लिहिलं. मला ठाऊक नव्हतं. दुपारभर ते दाराकडं बघत होते.

दिवस मावळायला मामी आली ती पदराला कडब्याची कुसळं घेऊनच. हातपाय धुवून पलंगावर बसली आणि सांगतच सुटली. खोप विहिरीपाशी केली, ज्वारी पोटरीत आलीय, खालच्या तुकड्यात हरभऱ्याला मर लागलाय, भज्जी धाकट्या जावेनं केली, पंगतीला कोण कोण होतं. मग वाटीत आंबील घेतली, कापसाचा बोळा त्यात बुडवून पिळला आणि मामांच्या ओठांवरून फिरवला. मामांनी ओठ चाटले. पाटी मागितली. लिहिलं, 'मीठ कमी.' मामी एवढी हसली की शेजारची डोकावून गेली.

त्यानंतर मी गेले की मामीला बाहेर पाठवायचे. कधी बाजाराला, कधी नुसतंच देवळात. बसून बसून माझं मन कुढायचं, काम हातात आलं की ते जरा थाऱ्यावर यायचं.

अंबाजोगाई, परिचारिका

पेशानं नर्स आहे, म्हणून दोन गोष्टी आधी लिहिते, कारण भेटायला येणाऱ्यांना या दोन फार छळतात.

पहिली, तो जेवत का नाही. आपल्याकडं माया ताटातूनच दाखवतात. मग चमचा घेऊन मागं लागतात, आणि कधी घास श्वासनळीत जातो. शेवटच्या टप्प्यात शरीरालाच अन्न नकोसं होतं. तो जेवत नाही म्हणून चाललाय असं नसतं, आजारानं त्याची भूक नेलेली असते. ओठ ओले ठेवा, मागितलं तर थोडं द्या. दुसरी, मॉर्फीन. 'अफूची गोळी नको, सवय लागेल' म्हणून लोक माणसाला तळमळू देतात. मला याचा फार राग येतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेळेवर दिलं तर कॅन्सरच्या दुखण्यावर ते योग्यच औषध आहे. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते. पोट साफ होत नाही म्हणून त्याचं औषध सोबतच देतात. २०१४ साली कायदा बदलून परवान्यांची कटकट कमी झाली, तरी ती प्रत्येक गावात मिळत नाही. कुठं मिळेल ते घरी आणायच्या आधीच विचारून ठेवा.

हे सगळं मला पाठ. पण धाकट्या बहिणीपाशी बसले तेव्हा त्या माहितीनं घाबरायची राहिले एवढंच. पाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा चालू होतो, घशात गुरगुर होते, हे ओळखीचं होतं. भाऊजींना मी ते आधीच सांगून ठेवलं, त्यामुळं तेही धीरानं घेऊ शकले. स्वतःसाठी मात्र मी एक ठरवलं: तिच्या घरी नाडी बघायची नाही, फाईल उघडायची नाही. मी तिच्या केसांना तेल लावायचे. केमोनंतर आलेले ते केस लहान बाळासारखे मऊ होते आणि जरा कुरळे. तिचे आधीचे केस एकदम सरळ. ती म्हणायची, "बघ, आता कुठं मनासारखे केस आले."

बीड

आबा लिव्हरनं गेले तेव्हा आम्ही नवरा-बायको उसाच्या फडात होतो, पार कोल्हापूरकडं. उचल घेतलेली, कोयता सोडून येता येत न्हवतं. माय रोज रात्री फोन आबाच्या कानाला लावायची. बोलायचं काय हा प्रश्नच होता. मग मी बैलांचं सांगायचो. आज कुठल्या फडात तोड झाली, गाडीत किती माल बसला, पांढऱ्याचा खांदा सुजलाय. आबा नुसतं 'हं' म्हणायचे. फोन ठेवायच्या आधी मायला विचारायचो, "तू जेवलीस का?" ती हो म्हणायची, पण आवाजावरनं कळायचं. मग चुलतभावाला फोन लावून सांगायचो, जा, तिला वाढून दे आणि समोर बस.

नांदेड

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे करणारी. माझ्या नवऱ्याला मोटर न्यूरॉनचा आजार होता. हात गेले, बोलणं गेलं, समज शेवटपर्यंत लख्ख. लोक त्यांच्या उशाशी उभं राहून मला विचारायचे, "ह्यांना आता किती दिवस म्हणले?" त्यांना सगळं ऐकू येत होतं! प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची, चहा टाकायचा, कप विसळायचे, तेवढ्यात कूस बदलायची वेळ व्हायची. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात.

माझ्या आत्याबाई यायच्या ते डबा घेऊन. ओसरीत बसून मेथी निवडायच्या. एकदा म्हणाल्या, "तू दार लावून झोप. दोन तासांनी उठवायला येणार नाही, मीच कूस बदलते." दुसरा एक माणूस आठवतो, यांचा शाळेतला शिपाई. आल्यावर आधी यांना नमस्कार करायचा, शाळेत काय चाललंय ते यांनाच सांगायचा, आणि जाताना दारात मला विचारायचा, "बाई, तुमचं कसं आहे?" पहिल्यांदा मला उत्तरच आलं नाही. पुढच्या वेळी मी सांगितलं, की कधीकधी सगळं लवकर संपावं असं वाटतं आणि मग स्वतःची लाज वाटते. तो म्हणाला, "माझ्या मायच्या वेळी मलाबी वाटलं होतं." एवढंच बोलून सायकल घेऊन गेला. त्या रात्री मला झोप लागली.

छत्रपती संभाजीनगर, धाकटा भाऊ

दादाला आमखासजवळच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात ठेवलं होतं. सगळे येऊन 'बरा होशील, काही होत नाही' म्हणून जायचे. दादानं एकदा वहिनी खाली औषध आणायला गेल्यावर विचारलं, "खरं सांग, मी उठतो का यातून?" माझ्या तोंडाला कोरड पडली. मी म्हणालो, "दादा, तुला काय वाटतंय?" मग तोच बोलत राहिला. सोसायटीचं कर्ज, बोअरच्या मोटरीचे हप्ते, पोरीचं कॉलेज बंद करू नका, वहिनीला तिच्या भावाच्या जिवावर सोडू नका. मी खिशातली पावती काढून तिच्या मागं लिहून घेतलं. ते लिहिताना हात कापत होता, पण त्या दिवसानंतर त्याच्यापुढं बसायची भीती गेली. आमच्यात लपवायला काही उरलं नव्हतं.

निघालो की मी रिक्षा करायचो नाही, स्टेशनपर्यंत चालत जायचो. घरी लहान लेकरू, तसाच गेलो असतो तर त्याच्यावर खेकसलो असतो. बाहेर पडल्यावर सुटल्यासारखं वाटायचं हेही खरं आहे. बायकोला तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, वाटणारच, आणि ताट वाढलं.

हिंगोली

लेकरांना न्यावं का, असं बरेच जण विचारतात. मी मुलाला आजीकडं नेलं. आधी सांगितलं: आजी खूप बारीक झालीय, नाकात नळी आहे, खोलीत औषधाचा वास येतो, ती कदाचित तुला ओळखणार नाही. नको वाटलं तर बाहेर ये, कोणी रागावणार नाही. त्यानं थोडा वेळ दारातूनच बघितलं, मग चित्रकलेची वही उघडून दाखवत बसला. मोठ्या बाया कुजबुजत होत्या, तो एकटाच तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत होता. रात्री विचारलं, "आजी मरणार का?" मी हो म्हणाले. त्याच्या पुढच्या प्रश्नांची उत्तरं काही मला आली, काही नाही. पुढच्या खेपेला तो येत नाही म्हणाला, तेव्हा त्याला शेजारी ठेवून मी गेले. त्यानं आजीसाठी काढलेलं चित्र सोबत दिलं होतं, ते वहिनीनं औषधांच्या कपाटाला चिकटवलं.