नायिका कुणालाच आवडत नाही. पटकथेत नेमकं काय बदलू?

कोरा_कागद

पटकथा 112 पानांची, दुसरा खर्डा. नायिका एका एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची देखभाल करते आणि तिचं मृत्युपत्र स्वतःच्या नावावर करून घेते. म्हातारीचा एक पुतण्याही पुढं येतो. चार जणांनी वाचलं, चौघांचा सूर एकच: तिसाव्या पानापर्यंत "हिचं काही का होईना" असं वाटतं. उपाय म्हणून चौथ्या प्रसंगात ती रस्त्यावरच्या कुत्र्याला खाऊ घालते असं टाकलं, तर आता ती ढोंगी वाटते म्हणतात. मुख्य पात्र आवडायलाच हवं का? नको असेल तर प्रेक्षकाला धरून कशानं ठेवायचं?

अर्धविराम

आवडायला नको, पण जीव गुंतायला हवा. तुमच्या वाचकांना राग आला असता तरी चाललं असतं, कारण रागावलेला माणूस पुढचं पान उलटतो. "काही का होईना" म्हणणारा वही मिटतो. म्हणून आधी बघा, पहिल्या दहा पानांत तिला नेमकं काय हवंय ते दिसतं का. "पैसा" हे उत्तर फार ढोबळ झालं. म्हातारीची सही हवी, दोन साक्षीदार हवेत आणि शनिवारी पुतण्या यायच्या आत हे उरकायला हवं, असं असेल तर प्रत्येक प्रसंगात काहीतरी फसू शकतं. फसण्याची भीती वाटली की प्रेक्षक नकळत तिच्या बाजूला जातो.

हिचकॉकचा 'सायको' (1960) याच दृष्टीनं पुन्हा बघा. मॅरियन 40,000 डॉलर चोरते, रस्त्याकडेला गाडीत झोपते आणि काचेवर पोलीस टकटक करतो. त्या क्षणी "हा टळो एकदाचा" असंच आपल्याला वाटतं. चोरी चूक आहे हे आपण विसरलेलो नसतो, तरीही वाटतं.

कुत्रा मात्र आजच काढा. तो प्रसंग कथेला चिकटलेला नाही. तो उचलला तर पुढचं एक पानही हलत नाही, आणि प्रेक्षकाला हे लगेच कळतं. त्या जागी तिचं कसब दाखवा. माणूस अंथरुणात असताना चादर कशी बदलतात? त्याला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळून पाठीला लावायची, मोकळ्या अर्ध्या भागावर नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून जुनी ओढून काढायची. हे ती सफाईनं, एक हात म्हातारीच्या खांद्यावर ठेवून करते, आणि करता करता पुतण्या कधी येणार ते काढून घेते. माया, कसब आणि डाव एकाच कृतीत आले. कसलेला हात बघायला माणसाला आवडतं, तो कुणाचाही असो.

संकलन_टेबल

वरच्या उत्तरात 'सायको'चं नाव आलंच आहे, तर त्यातला पुढचा भाग घ्या. मॅरियनचा खून झाल्यावर मोटेल चालवणारा नॉर्मन खोली पुसून काढतो, प्रेत गाडीच्या डिकीत टाकतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता अर्ध्यात थांबते. कट. नॉर्मन तोंडातलं चघळणं थांबवतो, इकडंतिकडं बघतो. कट. पुन्हा गाडी, आणि ती खाली जाते. तेवढ्या वेळात आपणही श्वास धरलेला असतो. नॉर्मन चांगला आहे असं तिथं कुणी सांगत नाही. आपण त्याच्या जागी उभे असतो, एवढंच.

हे कागदावरही आणता येतं. बातमी किंवा आवाज आधी कुणापर्यंत पोचतो ते ठरवा. जिन्यावर पावलं वाजली आणि कॅमेरा पुतण्याबरोबर वर चढला, तर ती चोर ठरते. कॅमेरा तिच्याबरोबर खोलीत राहिला, कागद गादीखाली सरकवताना एक कोपरा बाहेर राहिला आणि तो फक्त आपल्याला नि तिला दिसला, तर आपण तिचे साथीदार होतो. संकलनातही तेच. तिच्या चेहऱ्यावरचा शॉट 12 फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, जास्त धरला तरी विचार दिसायला वाव मिळतो. पण तो शॉट चित्रित झालेला असला तरच, म्हणून हे पटकथेत लिहून ठेवा.

उलट_बाजू

एक धोक्याची सूचना. गुंतवणं जमलं की लेखक घाबरतो आणि पात्राला धुऊन काढायला लागतो. मग सत्तराव्या पानावर तिचं दुःखी बालपण सांगणारं भाषण येतं. ते लिहू नका. तोवर प्रेक्षकानं स्वतः जोडलेलं कारण त्यापेक्षा पक्कं असतं.

आणि सतत तिच्याच डोक्यात बसवलं तर प्रेक्षक थकतो, त्याला टेकायला दुसरी जागा द्या. 'नाइटक्रॉलर' (2014) मध्ये लू ब्लूम पहिल्याच प्रसंगात कुंपणाची जाळी चोरतो आणि पहारेकऱ्यावर हल्ला करतो. पुढंही सुधारत नाही, शेवटी अपघात-गुन्ह्यांचं चित्रण विकायचा धंदा वाढवूनच बसतो. पण त्याच्याकडं रिक आहे, रात्रीच्या 30 डॉलरवर राबणारा. आपली अस्वस्थता रिकच्या चेहऱ्यावर दिसते, त्यामुळं लूला सौम्य करायची गरज पडत नाही. तुमच्याकडं ही जागा म्हातारीची असू शकते. तिला सगळं कळत असेल तर? मात्र मग ती बिचारी राहता कामा नये, तिलाही बदल्यात काहीतरी हवं असू द्या.

कोरा_कागद

पुतण्या सध्या 41 व्या पानावर पहिल्यांदा येतो, आणि तोवर त्याचा उल्लेखही नाही. गोची तिथंच दिसते. पण त्याला आधी आणला तर मधला भाग रिकामा पडेल ना?

अर्धविराम

माणूस आणू नका, फोन आणा. आठव्या पानाच्या आसपास फोन वाजतो, नायिका उचलते, "काकू झोपल्यात" म्हणते, आणि मागं म्हातारी टक्क जागी आहे. प्रत्यक्ष येणं 41 वरच राहू द्या. मधल्या प्रसंगांत फोन दोनदा वाजवा. दुसऱ्या वेळी तो नायिकेच्या आधी म्हातारीच्या हाती लागू दे.