शब्दचर्चा : शोमरोन्याला ‘दया’ आली की ‘कळवळा’?

विचारणा

नमस्कार. संडे स्कूलच्या मुलांसाठी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लिहून काढत होते, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या परक्या वाटसरूची, येशूने सांगितलेली. ‘जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला दया आली’ असं मी लिहिलं. सासूबाईंनी वाचलं, ‘दया’ खोडलं आणि वर ‘कळवळा’ लिहिलं. म्हणाल्या, दया कुणाचीही येते, कळवळा आपल्या माणसाचा. बायबल उघडून पाहिलं तर लूक १०:३३ मध्ये खरंच ‘कळवळा’ आहे. पण चारच वचनं पुढे, १०:३७ मध्ये, ‘माझा शेजारी कोण?’ असं येशूला विचारणारा शास्त्री म्हणतो, ‘त्याच्यावर दया करणारा तो.’ मग फरक नेमका काय, आणि मुलांना तो कसा सांगू?

उत्तर

ताई, सासूबाईंचा कान पक्का आहे. मूळ ग्रीकमध्येही या दोन जागी दोन वेगळे शब्द आहेत. शास्त्र्याच्या तोंडी ‘एलेऑस’ आहे, म्हणजे दया. तेहतिसाव्या वचनातलं क्रियापद मात्र ‘स्प्लांख्ना’ या शब्दावरून आलंय, आणि स्प्लांख्ना म्हणजे पोटातली आतडी, काळीज. आपण ‘आतडं तुटलं’ म्हणतो, ‘आतड्याची माणसं’ म्हणतो, तेच. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, हे क्रियापद १२ वेळा येतं, तेही फक्त मत्तय, मार्क आणि लूक या येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत. प्रत्येक वेळी ते येशूसाठी आहे, नाहीतर त्याच्या दाखल्यांतल्या (बोधकथांतल्या) कुणासाठी : एकुलता एक मुलगा गेलेल्या नाईन गावच्या विधवेला पाहणारा येशू, परतणाऱ्या मुलाला लांबूनच ओळखणारा बाप, चाकराचं कर्ज सोडून देणारा धनी. जुन्या कराराच्या हिब्रूतही करुणेचा ‘रखमीम’ हा शब्द गर्भाशयाच्या ‘रेखेम’ या शब्दाच्या कुळातला.

आता मराठीचं व्याकरण पाहा, मला तर तेच जास्त बोलकं वाटतं. दया येते, तशी ती करता येते, दाखवता येते, मागता येते, कुणाच्या दयेवर जगताही येतं. म्हणून कष्टकरी माणूस ठणकावून सांगतो, ‘मला कुणाची दया नको.’ कळवळा मात्र नुसता येतो किंवा असतो. ‘कळवळा केला’ असं कुणी म्हणत नाही, ‘कळवळ्यावर जगतो’ असंही नाही. ‘कळवळणे’ हे तर दुखण्याचंच क्रियापद, पोटात कळ आली की माणूस कळवळतो. ज्याला कळवळा आला त्याला स्वतःलाच दुखतंय. देणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड दयेत शिरू शकते, कळवळ्यात तिला जागाच नाही. तुकोबा आईचं लेकरावरचं प्रेम सांगून ‘ऐसी कळवळ्याची जाति’ म्हणतात, तेव्हा ‘करी लाभेंविण प्रीति’ हेही लगेच जोडतात.

मत्तय ९:३६ सुद्धा काढून बघा. लोकसमुदायांना पाहून येशूला कळवळा आला, कारण ते ‘गांजलेले व पांगलेले’ होते. ‘रंजले गांजले’ कानात बसलेल्या मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शंका

कळवळा नुसता येऊन काय उपयोग? आमच्याकडे प्रार्थनेत गरिबांसाठी डोळे भरून येतात आणि दारात कुणी आलं की ‘पुढं जा’.

उत्तर

म्हणूनच सदतिसाव्या वचनात ‘दया करणारा’ हवा. कळवळा आतून येतो, पण शेजारी कोण ठरला ते करण्यावरून. त्या शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत रात्रभर सांभाळलं, निघताना दोन दीनार दिले. एक दीनार ही तेव्हा मजुराची दिवसाची मजुरी. शिवाय जास्त खर्च झाला तर परतताना देईन, असंही तो सांगून गेला. ताई, मुलांना शब्दार्थाच्या आधी ही यादी सांगा.

भर

‘गरीब’ या शब्दाबद्दल थोडं. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, घरापासून दूर आलेला. फारसीच्या वाटेने मराठीत येईपर्यंत तो निर्धन झाला. मत्तय २५ मध्ये ‘परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले’ असं आहे, तिथे अरबी बायबलात हाच शब्द येतो. मराठीत त्याला आणखी एक छटा चिकटली, ‘गरीब स्वभावाचा’, ‘गरीब गाय’, म्हणजे निमूट. ती मला खटकते. मत्तयातल्या ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ या येशूच्या वचनातल्या ‘आत्म्याने दीन’चा अर्थ प्रवचनात नुसता ‘नम्र’ असा लावतात तेव्हाही तसंच वाटतं. मत्तयाच्या ‘आत्म्याने’ या शब्दाचं मोल मी कमी करत नाही. पण तिथला ग्रीक शब्द ‘प्तोखोस’ आहे, रोज राबून खाणाऱ्या हातावरच्या पोटाच्या माणसाचा ‘पेनेस’ नव्हे. प्तोखोस म्हणजे हात पसरून वाकलेला. येशूच्या दाखल्यात श्रीमंताच्या दारात पडलेला भिकारी लाजरही प्तोखोसच. आणि हेच वचन लूक ६:२० मध्ये येतं तिथे तर ‘आत्म्याने’ नाहीच, सरळ ‘दीन’ आहे. नम्र तर पोट भरलेल्यालाही होता येतं.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे काढावीशी वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावला आणलं आणि पुढे हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत केलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा साध्या बोलीत. १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते निघालं. अन्न आणि शब्द, दोन्ही त्यांनी त्याच लेकींसाठी रांधलं.

विचारणा करणाऱ्या ताई

सर्वांचे आभार. ‘कळवळा’ ठेवलाय. गोष्टीला जोडून मुलांना शिकवता येईल असा एखादा घरचा शब्द आहे का?

उत्तर

सरवा. आमच्याकडे भुईमूग काढून झाला की मागे राहिलेल्या शेंगा वेचायला बाया-पोरं येतात, तो सरवा. बायबलातल्या लेवीय १९ मध्ये शेतकऱ्याला सांगितलंय की कोनाकोपरा झाडून कापू नकोस, पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबाचा आणि परक्याचा. तिथे दया, दान असा शब्दच येत नाही, ते आधीपासून त्यांचंच धरलंय. बायबलातल्या रूथच्या गोष्टीत ही परदेशी विधवा सरवा वेचायला येते, तेव्हा शेताचा मालक बवाज त्याच्याही पुढे जातो. गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम तिच्यासाठी पडू द्या, तिला वेचू द्या आणि तिला धमकावू नका.